कापड उलटून बघा

समीक्षक साहेब,

तुम्ही म्हणता, कविता कवितेसारखी वाचा. कवीची जात, त्याची भूक, त्याची वस्ती दाराबाहेर ठेवा. कागदावर आहे तेवढंच बघा. ठीक. चला माझ्याबरोबर लवासाला. आधी तुमच्याच रीतीनं वाचू.

मुळशी तालुका, मोसे खोरं. वरसगाव धरणाच्या पाण्याकाठी रंगीत इमारतींची ओळ. इटलीतल्या पोर्टोफिनो गावाची नक्कल. खाली पाण्यात तिची सावली. मर्ढेकरांनी सौंदर्याचे नियम सांगितले: संवाद, विरोध, समतोल. तिन्ही इथं बसतात. रंगाशी रंगाचा संवाद, डोंगराच्या हिरव्याशी विरोध, वर इमारत खाली सावली, हा समतोल. झाली समीक्षा. चहा घ्या आणि पुण्याला जा.

आता मी वाचतो. पहिला शब्दच घ्या: 'लवासा'. याला अर्थच न्हाई. बाजारात खपावा म्हणून घडवलेलं नाव. याच डोंगरात दुसरा शब्द राहतो: 'कातकरी'. खैराच्या लाकडातून कात काढणारा तो कातकरी. या शब्दात झाड आहे, काम आहे, घाम आहे. त्या शब्दात नुसता नाद. तुमची समीक्षा कुठल्या शब्दापाशी थांबेल, हे मी विचारत बसत न्हाई.

आणि जमीन? ती कुणाकडून कशी गेली, यावर वर्षानुवर्षं तक्रारी झाल्या, आंदोलनं झाली. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं बांधकाम थांबवायला लावलं. २०१८ साली कंपनी दिवाळखोरीच्या कारवाईत गेली. याच तालुक्यात १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध शेतकरी उठले, सेनापती बापट त्यांच्या पुढं होते. हे सगळं 'कलाकृतीबाहेरचं' म्हणता? अहो, तुमच्या कलाकृतीचा पायाच त्यात रोवलाय.

पण आपल्याही लोकांना दोन शब्द सुनावतो. मित्रांनो, आपल्यातले काही जण बरोबर उलटं करतात. कविता हातात घ्यायची आणि फक्त जखमा मोजायच्या. शोषण इतकं, आक्रोश इतका, पंचनामा पुरा. वरचे म्हणतात, अनुभव अस्सल, कला कच्ची. आपण पहिल्या दोन शब्दांवर खूश होऊन टाळ्या पिटतो. साली ही तर भीक झाली! शरणकुमार लिंबाळ्यांनी १९९६ साली 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' लिहिलं. स्वातंत्र्य, समता, न्याय ही मूल्यं मापात आणली. माप बदललं ते बरंच झालं. पण आता कापड हातात घ्या की! माझी ओळ तिथंच का तुटते, शिवी तिथंच का येते, हे कोण विचारणार?

मी गिरणीतला माणूस. तिथं तपासणीवाला कापडाची वरची बाजू बघतो, मग उलटतो. मागं गाठ दिसते, तुटलेला धागा दिसतो, तेलाचा डाग दिसतो. पण दोन्ही बाजू एकाच धाग्याच्या असतात. रूप एका बाजूला आणि समाज दुसऱ्या बाजूला, असं सुटं कापड कुठल्याच मागावर निघत न्हाई. कवितेचंही तसंच. आमची भाषा हेच आमचं रूप, आणि ती भाषा आमच्या वस्तीनंच घडवली.

'गोलपिठा' आठवा. साल १९७२. प्रस्तावना विजय तेंडुलकरांची. ती लिहिण्याआधी ते ढसाळांबरोबर त्या वस्तीतनं हिंडले. अडलेल्या शब्दांचे अर्थ त्यांनी ढसाळांनाच विचारले. मला हीच खरी समीक्षा वाटते. शब्द अडला म्हंजे कविता कच्ची न्हाई, वाचणाऱ्याचं जग तोकडं. एवढं ज्याला कळलं त्यानं आम्हाला खुशाल तपासावं. मग त्याची जात कुठलीही असो.

तेव्हा साहेब, लय बघा, प्रतिमा बघा. फसलेल्या ओळीला फसली म्हणा. आम्हाला सवलत नको. पण मग कापड उलटा. धागा कुणी कातला, विचारा. गाठीवर बोट ठेवा.

बोटाला टोचलं तर कापडाला नावं ठेवू नका.