आधी कान, मग तोंड

२०२१ साली आमच्या फुलसावंगीचे नाव देशभर पोहोचले. वेल्डिंगचे काम करणाऱ्या शेख इस्माईल या तरुणाने स्वतःच्या हातांनी हेलिकॉप्टर बनवले. ऑगस्ट महिन्यात चाचणी घेताना त्याचे पाते तुटून त्याला लागले आणि तो गेला. तेव्हापासून वर्गातली मुले विचारतात, "सर, विमान चालवायला कुठे शिकवतात?" आपल्या विदर्भातच, गोंदियाजवळ बिरसीला. तेथे शिक्षक शेजारी बसून शिकवतात.

पण आधी काय शिकवावे? तुम्ही म्हणाल, विमान उडवणे! रेडिओवर बोलणे काय, मागाहून येईलच. हे म्हणणे अगदीच खोटे नाही. विमान सरळ ठेवतानाच नवशिक्याला घाम फुटतो. आधी विमान सांभाळा, मग बोला, असा वैमानिकांचा जुना नियमही आहे.

तरी माझे मत वेगळे आहे. रेडिओ पहिल्या दिवसापासून कानावर पडावा. हवेत लगेच बोलू नये. पण जमिनीवर रोज बोलून पाहावे. माझेच उदाहरण घ्या. बी.एड.ला असताना मराठीचा पहिला पाठ घ्यायला उभा राहिलो. व्याकरण सगळे पाठ होते, पण तोंडातून शब्द फुटेना! पुस्तक वाचले होते, बोललो कधीच नव्हतो. वर्गात मुले हसली, एवढ्यावर निभावले. आकाशात तसे निभावत नाही.

१२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीजवळ दोन विमानांची आकाशात टक्कर झाली. ३४९ माणसे मेली. कझाकस्तानच्या विमानाला १५,००० फुटांवर राहण्यास सांगितले होते. ते त्याहून खाली आले. चालकांचे इंग्रजी अपुरे होते, असे चौकशीत आढळले. शिवाय त्या विमानात रेडिओवर बोलणारा माणूस वेगळा आणि विमान चालवणारा वेगळा होता. म्हणून म्हणतो, हात आणि कान एकाच वेळी तयार झाले पाहिजेत.

रेडिओची भाषा तशी अवघड नाही. खरखरीत 'बी' आणि 'डी' सारखेच ऐकू येतात, म्हणून 'ब्राव्हो' आणि 'डेल्टा' म्हणायचे. नऊला 'नाइनर'. उंचीची किंवा धावपट्टीची सूचना मिळाली, की ती जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची. नुसते "हो" चालत नाही, बरे का! पुढे व्यावसायिक वैमानिक व्हायचे तर रेडिओचा वेगळा परवाना लागतो. काही जण ती परीक्षा शेवटपर्यंत ढकलतात आणि मग अडकून पडतात.

तुम्हाला तर आजच सुरुवात करता येईल. शाळेत येताना गाड्यांचे नंबर मोठ्याने वाचा. आपल्या यवतमाळच्या गाडीवर एम.एच. २९ असते ना? ते असे वाचा : माइक, होटेल, टू, नाइनर. रस्त्यावरचे लोक वळून पाहतील. पाहू द्या.