सरकारी इमारतींचा निकाल दारावर लावा

इंग्लंड-वेल्समध्ये २००८पासून लोकांची वर्दळ असलेल्या मोठ्या सरकारी इमारतींना ऊर्जा प्रमाणपत्र दर्शनी भागात लावावं लागतं. ‘ए’ ते ‘जी’ ही श्रेणी ठरते मीटरवरच्या प्रत्यक्ष वापरावरून. आपल्याकडे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २००९मध्ये इमारतींसाठी एक ते पाच तारे आणले, पण ऐच्छिक. म्हणजे पास झालेलाच निकाल दाखवणार!

सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणून मी रोज पाहतो : मोजमापाशिवाय सिस्टीम सुधारत नाही. नुसत्या कागदाने वीज वाचत नाही, मान्य. पण आकडा दिसला की जाब विचारता येतो. बिल आपल्याच करातून जातं. मित्रांनो, वॉर्ड ऑफिसचे वर्षभराचे युनिट आणि क्षेत्रफळ माहिती अधिकारात मागा. अर्जाला दहा रुपये लागतात. भागाकार आपणच करू.