मेल्यावरची उलटतपासणी

आयुर्विम्याच्या धंद्यात एक अजब रीत रूढ झाली आहे. माणूस जिवंत असतो, समोर खुर्चीवर बसलेला असतो, त्याची नाडी पाहता येते, त्याच्याशी बोलता येते, तेव्हा त्याला कोणी धड काही विचारीत नाही. तो मेला, त्याची राख झाली, की मग त्याची उलटतपासणी सुरू होते! कोणत्या डॉक्टरकडे जात होता, छातीत कधी कळ आली होती, विडी ओढीत होता की तपकीर, याचा शोध घेत माणसे दारोदार हिंडतात. उत्तर देऊ शकणारा एकच साक्षीदार, आणि तो तेवढा हजर नसतो.

सणासुदीच्या अंकात हे मरणाचे काय काढले, म्हणून काही वाचक नाक मुरडतील. पण लक्ष्मीपूजनाला चोपडीशेजारी आपल्यापैकी कित्येकजण विम्याची पॉलिसीही ठेवतात. तिला हळदकुंकू वाहायचे आणि आत काय लिहिले आहे ते वाचायचे मात्र नाही, हा कुठला भक्तिभाव?

मी शाळामास्तर आहे, आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. गावात इंग्रजी पत्र आले की लोक ते माझ्याकडून वाचून घेतात. त्यामुळे विमा कंपन्यांची नकाराची पत्रे मी पुष्कळ वाचली आहेत. त्यांत ‘महत्त्वाची वस्तुस्थिती दडवली’ अशा अर्थाचे एक वाक्य हटकून असते. नुकतेच कुंकू पुसलेल्या बाईला ते सोप्या मराठीत सांगायचे म्हणजे ‘तुमचे यजमान खोटे बोलले’ असे सांगायचे. आमच्या आळीतल्या एका शिंप्याच्या बायकोला मी हे सांगितले, तेव्हा ती एवढेच म्हणाली, “गुरुजी, त्यांना तर इंग्रजी येतच नव्हतं. मग खोटं बोलले कसे?”

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. फॉर्म इंग्रजीत होता. तो एजंटाने भरला होता. शिंप्याने खाली मराठीत सही केली होती. मधुमेहाच्या प्रश्नापुढे ‘नाही’ असे लिहिले होते. वास्तविक एजंट त्याच्याच ओट्यावर बसून चहा प्याला होता. एजंटाच्या कपात साखर होती आणि शिंप्याच्या कपात नव्हती! दुसऱ्या वर्षी शिंपी गेला. बाईच्या हाती फक्त भरलेले हप्ते परत आले.

हे फॉर्म म्हणजे आमच्या व्यवसायावर झालेले मोठे आक्रमणच आहे. मला एक कादंबरी लिहायला दोन वर्षे लागतात. एजंट पाच मिनिटांत लिहून मोकळा होतो. त्याचा नायक नेहमी ठणठणीत, निर्व्यसनी, आणि त्याचे आईबाप दीर्घायुषी! फॉर्मच्या शेवटी ‘सर्व प्रश्न अर्जदाराला त्याच्या भाषेत समजावून सांगितले’ असे छापील निवेदन असते, त्याखाली सांगणाऱ्याची सही असते. त्या सहीबद्दल कोणाला जाब विचारलेला मी तरी पाहिलेला नाही.

कंपन्यांचे म्हणणे असे की, विम्याचा करार परम विश्वासाचा आहे. विमेदाराने विचारले ते सारे खरे सांगितलेच पाहिजे. तत्त्व मान्य. पण त्याचे मूळ पाहा. १७६६ साली इंग्लंडात लॉर्ड मॅन्सफील्ड यांच्यापुढे एक खटला आला. सुमात्रातल्या फोर्ट मार्लबरो या किल्ल्याच्या गव्हर्नराने परकीय शत्रू किल्ला घेईल या धोक्याचा विमा उतरवला होता, आणि फ्रेंचांनी किल्ला घेतला. विमा देणारा म्हणाला, किल्ला दुबळा होता हे याने लपवले. ज्या निकालपत्रात हे परम विश्वासाचे तत्त्व मांडले गेले, त्यातच निकाल मात्र विमेदाराच्या बाजूने लागला! हा विश्वास दोन्ही पक्षांनी पाळायचा आहे, हेही त्यात होते. आमच्याकडे तत्त्वाचा अर्धाच भाग बोटीने आला असावा.

कायदा तसा आंधळा नाही. १९३८ च्या विमा कायद्याचे ४५ वे कलम २०१५ साली दुरुस्त झाले. आता तीन वर्षांनंतर कोणत्याही कारणाने पॉलिसीवर शंका घेता येत नाही. तीन वर्षांच्या आत घ्यायची तर कारणे लेखी कळवावी लागतात. आणि फसवणूक नसून नुसते चुकीचे विधान असेल, तर हप्ते ९० दिवसांत परत द्यावे लागतात. त्याच कलमात असेही म्हटले आहे की, विमा मिळवून देणारा माणूस करार जुळण्यापुरता कंपनीचाच प्रतिनिधी समजावा. मग त्याने ओट्यावर बसून जे पाहिले, ते कंपनीने पाहिले असे का धरू नये?

मात्र या तीन वर्षांबद्दल एक गैरसमज आहे. हप्ता चुकून पॉलिसी बंद पडली आणि पुन्हा सुरू केली, तर तीन वर्षे त्या दिवसापासून नव्याने मोजली जातात. त्या वेळी प्रकृती उत्तम असल्याच्या कागदावर पुन्हा सही होते. बहुधा न वाचताच!

विमेदार सगळे साधू असतात असे मी म्हणत नाही. एका माणसाने २००९ साली एका कंपनीत ११ लाखांचा विमा घेतला आणि काही आठवड्यांतच दुसरीकडे अर्ज करताना तो सांगितला नाही. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या पत्नीचा दावा नाकारला. फॉर्म दुसऱ्याने भरला ही सबबही चालली नाही. अशा लबाडीचा भार प्रामाणिक माणसांच्या हप्त्यांवर पडतो, हे कंपन्यांचे म्हणणे खरेच आहे. पण २०२४ साली त्याच न्यायालयाने वडिलांच्या विम्यासाठी झगडणाऱ्या एका मुलीच्या बाजूने निकाल दिला. तिथेही दुसऱ्या पॉलिश्या लपवल्याचा आरोप होता. कंपनीने त्यांचा तक्ता मांडला, पण तो पुराव्याने शाबीत केला नाही. दडवले असे म्हणणाऱ्याने ते सिद्धही करावे, एवढी साधी गोष्ट सांगायला दिल्लीपर्यंत जावे लागले.

‘प्रत्येक अर्जदाराची तपासणी करायची तर खर्च किती येईल?’ असा सवाल मला एका अधिकाऱ्याने केला. मेल्यावर तपासनीस पाठवायला खर्च येत नाही का? रक्तातली साखर पाहायला एक थेंब पुरतो. तो थेंब घ्यायचा नसेल, तर खुशाल घेऊ नका. मग धोका तुमचा. हप्ता घेताना डोळे मिटायचे आणि रक्कम द्यायची वेळ आली की दुर्बीण लावायची, याला सावधपणा म्हणत नाहीत.

१९५६ च्या जानेवारीत अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण जाहीर केले आणि १ सप्टेंबरला महामंडळ उभे राहिले. विमा खेड्यापाड्यांत जावा, हा त्यामागचा एक हेतू. आज तो खरोखरच गेला आहे. खाजगी कंपन्याही गेल्या आहेत. पण फॉर्मची भाषा पुष्कळदा शहरातच राहिली.

ती खेड्यात येईपर्यंत घरच्या बायकांनीच कपाट उघडावे. नवी पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. आपल्या नावाने कोणती उत्तरे लिहिली गेली, त्याची नक्कल विमेदाराला ५१ व्या कलमाने मागता येते. दावा नाकारला आणि कंपनीने तक्रारही ऐकली नाही, तर विमा लोकपालाकडे वर्षाच्या आत जाता येते. तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही. नक्कल यजमान हयात असतानाच मागवावी. त्यांना ती वाचून दाखवावी, आणि साखरेच्या रकान्यापाशी आल्यावर जरा थांबावे.