पडद्याचे तोंड कोणाकडे?

तुमसरहून बपेऱ्याकडे, म्हणजे मध्य प्रदेशाच्या सीमेकडे, जाणाऱ्या रस्त्यावर सिहोरा हे गाव आहे. भोवतालचा सारा परिसर धानाचा. या परिसरातील शेतकऱ्याला आज सातबारा हवा असो वा आठ-अ, पीक विमा भरायचा असो वा आधारभूत केंद्रावर धान विकण्यासाठी नाव नोंदवायचे असो, त्याला संगणकासमोर जावे लागते. ‘समोर’ हा शब्द येथे खरे तर चुकीचा आहे. टेबलाच्या अलीकडे तो उभा राहतो, पलीकडे केंद्रचालक बसतो आणि पडद्याचे तोंड केंद्रचालकाकडे असते. ज्याच्या जमिनीचा उतारा, त्याला दिसते ती केवळ पडद्याची पाठ. आपल्या नावापुढे काय लिहिले गेले, गट क्रमांक बरोबर पडला की नाही, बँक खात्याचा एखादा आकडा चुकला काय, हे त्याला पैसे खात्यात न आल्यावरच कळते.

यात केंद्रचालकाला दोषी धरण्याचे कारण नाही. तो बहुधा गावातलाच शिकलेला, अपुऱ्या कमाईवर बसलेला तरुण असतो. ग्रामपंचायतींतील संगणक परिचालकांना आपल्या मानधनासाठी वारंवार आंदोलने करावी लागली आहेत, हे विसरता येत नाही. दोष आहे तो या मांडणीचा. तलाठ्याच्या दप्तरापुढे हात जोडून उभा राहणारा माणूस आता यंत्रापुढे हात जोडून उभा आहे, एवढाच काय तो फरक पडला.

समाजवादी चळवळीतील वडीलधाऱ्या कार्यकर्त्यांना संगणक म्हटले की आठवतो तो विरोध. १९६०च्या दशकात कलकत्त्यात आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनी संगणकाविरुद्ध पहारे दिले. सप्टेंबर १९८३ मध्ये बँक संघटनांशी करार होऊन यांत्रिकीकरणाला मर्यादा घालण्यात आल्या. त्या विरोधाला आज अडाणीपणा म्हणून हिणविले जाते. हे हिणविणे सोपे आहे, परंतु न्याय्य नाही. रोजगाराचा प्रश्न खरा होता, आणि यंत्र कोणत्या अटींवर यावे हे ठरविण्यात कामगारांना वाटा मिळाला तो त्या झगड्यामुळेच. सिहोऱ्याच्या शेतकऱ्याला असा वाटा कधी मिळाला नाही. २०१७च्या कर्जमाफीत अर्ज ऑनलाइनच भरावयाचा, असा हुकूम निघाला आणि ज्यांनी आयुष्यात कळफलकाला बोट लावले नव्हते ते लोक केंद्रांपुढे रांगा लावून उभे राहिले.

महाराष्ट्रात याआधी एक मोठा प्रयोग झाला होता. १९९८ साली कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावांत वारणेच्या सहकारी परिवाराने संगणक केंद्रे उभारली. उद्दिष्टे भव्य होती. प्रत्यक्षात केंद्रे वापरली गेली ती उसाचे वजन, खताची मागणी, बिलाची रक्कम अशा मोजक्या कामांना, आणि यंत्र चालवी तो केंद्रचालकच. पुढे संशोधकांनी काही गावांत संगणकाऐवजी मोबाइलच्या लघुसंदेशांवर तीच कामे करून पाहिली, तर ती अधिक स्वस्तात झाली. या अनुभवावरून संगणक खेड्याला नकोच, असा निष्कर्ष काही जण काढतात. खरा निष्कर्ष निराळा आहे. शेतकऱ्याच्या हाती यंत्र द्यायचेच नसेल, तर ते यंत्र फार महाग पडते.

सरकारने शिकविण्याचा प्रयत्न केलाच नाही, असे मात्र नाही. २०१७ साली केंद्राने ग्रामीण डिजिटल साक्षरतेची मोहीम मंजूर केली. सहा कोटी ग्रामीण कुटुंबांतील प्रत्येकी एका व्यक्तीला २० तासांचे शिक्षण द्यावयाचे होते. ३१ मार्च २०२४ रोजी मोहीम संपली तेव्हा शिकलेल्यांचा आकडा ६ कोटी ३९ लाख सांगितला गेला. आकडा लहान नाही. पण त्याच काळातील, २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत संगणक असलेली ग्रामीण कुटुंबे शेकडा ४.४ एवढीच आढळली. वीस तासांत शिकलेली विद्या घरी जाऊन घोटायची कशावर? आणखी एक अट होती. ती कोणाला फारशी खटकलेली दिसत नाही. शिकणाऱ्याचे वय १४ ते ६० असावे. सातबाऱ्यावर नाव बहुधा घरातल्या म्हाताऱ्या माणसाचे असते, निवृत्तिवेतनाची रक्कमही त्याच्याच खात्यात येते. आणि शिकण्याच्या यादीतून नेमके तेच माणूस बाहेर. केरळने ही मर्यादा मानली नाही. तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील पुल्लमपारा पंचायतीपासून सुरुवात करून, स्वयंसेवकांनी घरोघर आणि रोजगार हमीच्या कामांवर जाऊन शिकविले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये राज्य संपूर्ण डिजिटल साक्षर झाल्याचे जाहीर केले. तेथील शिक्षण मुख्यत्वे मोबाइलवर होते, हे खरे. परंतु सातबाऱ्याचे सगळे रकाने एका नजरेत वाचणे, दोन पानी अर्ज लिहिणे वा बचत गटाचा वर्षाचा हिशेब मांडणे ही कामे तळहाताएवढ्या काचेवर नीट होत नाहीत. त्यांना संगणकच लागतो, मग तो नागपूरला शिकायला गेलेल्या मुलाने घरी ठेवलेला जुना का असेना.

तेव्हा प्रश्न उरतो तो प्रौढ माणसाला शिकवायचे काय आणि कसे, हा. बाजारातील वर्ग यंत्राच्या अवयवांपासून सुरू होतात. हे म्हणजे पऱ्हे हातात देण्याआधी रोवणाऱ्या बाईला मातीचे रसायन समजावण्यासारखे आहे. पहिल्या दिवशी शिकणाऱ्याने आपलाच सातबारा पडद्यावर काढावा. जिल्हा, तालुका, गाव निवडावे, गट क्रमांक लिहावा, आणि आपले नाव स्वतःच्या डोळ्यांनी वाचावे. महसूल खात्याच्या संकेतस्थळावर विनास्वाक्षरीचा उतारा पाहण्यास पैसे पडत नाहीत. डिजिटल स्वाक्षरीचा उतारा १५ रुपयांत निघतो. ही माहितीच अनेकांना नवी असते. जो माणूस आपले नाव पडद्यावर वाचतो, तो दुसऱ्या दिवशी न बोलावता येतो.

प्रौढाचा पहिला शत्रू म्हणजे भीती. ‘बिघडेल’ हा शब्द त्याच्या ओठांवर सतत असतो, कारण बिघडले तर भरून देण्याची ऐपत नसते. त्याला स्पष्ट सांगितले पाहिजे की कळ चुकीची दाबल्याने यंत्र मोडत नाही. कंट्रोल आणि झेड या कळा एकत्र दाबल्या की बहुतेक ठिकाणी नुकतीच केलेली चूक मागे घेता येते. पाटीवरचे अक्षर पुसावे तसे. नुकसान होते ते भिंतीवरचे बटण एकदम बंद केल्याने. यंत्र आधी ‘शट डाऊन’ म्हणून निजवावे, मग वीज तोडावी. आणि जेथे वीज केव्हा जाईल याचा नेम नाही, तेथे दर चार ओळींनंतर कंट्रोल आणि एस दाबून लिहिलेले जतन करण्याची सवय ही केवळ टीप नसून गरज आहे.

दुसरी अडचण हाताची. ज्या हाताने तीस वर्षे विळा धरला, त्या हाताला माऊसची दोनदा झटपट टिचकी जमत नाही, आणि शिकणारा स्वतःला मंद समजू लागतो. वस्तुतः या टिचकीचा वेग यंत्राच्या व्यवस्थेत कमी करता येतो, बाण मोठा करता येतो, आणि संकेतस्थळ वाचताना कंट्रोलसह अधिक चिन्हाची कळ दाबली की अक्षरे मोठी होतात. चष्म्याचा नंबर वाढला म्हणून शिक्षण थांबण्याचे कारण नाही. हात वळविण्यासाठी पत्त्यांचा एकट्याने खेळायचा डाव उत्तम. १९९० साली विंडोजबरोबर तो दिला गेला आणि जगभरच्या कारकुनांचा हात माऊसवर बसविण्यात त्याचा मोठा वाटा होता. शिस्तप्रिय कार्यकर्त्यांना अभ्यासवर्गात पत्ते पाहून धक्का बसेल. तो त्यांनी सोसावा.

मराठी लिहिण्याबाबत घोळ फार आहे. जुन्या टंकांत लिहिलेला अर्ज दुसऱ्या यंत्रावर उघडला की अगम्य चिन्हे दिसतात, कारण तो टंक तेथे नसतो. म्हणून सुरुवातीपासून युनिकोडमध्येच लिहावे. इनस्क्रिप्ट हा कळफलक १९९१ साली भारतीय मानकात समाविष्ट झाला आणि तो विंडोजमध्ये फुकट असतो. त्याची रचना शहाणपणाची आहे: स्वर डाव्या हाताखाली, व्यंजने बहुतांशी उजव्या हाताखाली. ‘कि’ लिहिताना आधी क, मग वेलांटी, म्हणजे उच्चारात येते त्याच क्रमाने. ज्यांनी टंकलेखन यंत्रावर हात बसविला त्यांना हे उलटे वाटेल, कारण तेथे वेलांटी आधी येई. ज्यांनी कधीच काही टंकिले नाही, त्यांना हे सोपे जाते; अनभिज्ञतेचा असा लाभ क्वचितच होतो. खुद्द यंत्राच्या सूचनाही मराठीत करून घेता येतात. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित देखभाल बंद झाल्यावर जे जुने संगणक अडगळीत पडले, त्यांतील पुष्कळसे लिनक्स ही मुक्त प्रणाली बसवून अजूनही कामाला येऊ शकतात. केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षे मुक्त प्रणालीवरच शिकवीत आल्या आहेत.

कागद ठेवण्याची रीत सांगताना लंबेचौडे व्याख्यान नको. घरात जशी लोखंडी पेटी असते तशी यंत्रात एक पेटी करावी आणि प्रत्येक कागदाला त्याचे खरे नाव व वर्ष द्यावे: ‘सातबारा २०२५’, ‘धान नोंदणी २०२५’. एक प्रत पेन ड्राइव्हवर, आणि तो पेन ड्राइव्ह संगणकाच्या शेजारी नव्हे तर दुसरीकडे.

बचत गटातील स्त्रियांसाठी मात्र एक संध्याकाळ हिशेबपत्रकाला द्यावीच. ५,००० रुपये कर्ज, दरमहा शेकडा दोन व्याज, ५०० रुपयांचे दहा हप्ते, हे उदाहरण घ्यावे. दर महिन्याला उरलेल्या मुद्दलावर व्याज धरले तर एकूण व्याज ५५० रुपये होते. पहिल्या रकमेवरच शेवटपर्यंत धरले तर १,००० रुपये. ‘दोन टक्के’ हे शब्द दोन्हीकडे तेच. हप्त्याने कर्ज देणाऱ्याचा माणूस दारात येऊन यांपैकी कोणते व्याज बोलतो आहे, हे त्या स्त्रियांनी स्वतः रकाने भरून, बेरीज मांडून पाहिले की त्यांना वेगळे काही समजावून सांगावे लागत नाही.

फसवणुकीचा धोका मोठा आहे आणि भीती दाखवून तो टळत नाही. संकेतस्थळाचा पत्ता वाचायला शिकवावे. सरकारी म्हणविणाऱ्या पत्त्यात पहिली एकेरी तिरपी रेघ येते, तिच्या लगत आधी ‘जीओव्ही’, टिंब, ‘आयएन’ एवढे असले पाहिजे. मध्ये कोठेतरी सरकारी नाव घुसडलेले असणे पुरेसे नाही. कुलपाचे चिन्ह मालक प्रामाणिक असल्याची ग्वाही देत नाही, ते फक्त वाटेत कोणी पत्र फोडत नाही एवढेच सांगते. फोनवर आलेला सांकेतिक आकडा बँकेच्या नावाने विचारणाऱ्यालाही सांगू नये. दुसऱ्याच्या यंत्रावर काम केले तर उठण्यापूर्वी खात्यातून बाहेर पडावे. आणि पैसे गेलेच तर लाजेने गप्प न बसता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. येथे एका तासाचा उशीरही महाग पडतो.

या सगळ्याला फार मोठा निधी लागत नाही. शाळेची खोली, दोन-तीन जुने संगणक, वीज गेली तर थोडा वेळ धीर देणारी बॅटरी, आणि गावातलेच शिकलेले मुलगे-मुली पुरतात. काळ मात्र शेतीचा पाहून ठरवावा. रोवणीच्या दिवसांत कोणी येणार नाही, आणि येऊही नये. रोवणी आटोपल्यापासून धान कापणीला येईपर्यंतच्या संध्याकाळी मोकळ्या सापडतात. वर्गात वयाची अट नसावी आणि शेवटी प्रमाणपत्र नसले तरी चालेल.

शिकविणाऱ्या तरुणांसाठी एक नियम कडकपणे पाळला जावा. समोरचा म्हातारा चाचपडू लागला की त्याच्या हातातून माऊस ओढून ‘असं करा’ म्हणण्याचा मोह त्यांना होतो, आणि तेथेच केंद्रचालकाचा जन्म होतो. म्हणून शिकविणाऱ्याने खुर्चीमागे, हात पाठीशी बांधून उभे राहावे. आपल्या गट क्रमांकावर बाण न्यायला त्या माणसाला दहा मिनिटे लागली, तर दहा मिनिटे लागू द्यावीत.