कारखानदाराची खरी कसोटी

मुलगा अथवा मुलगी दहावीच्या वर्गांत गेली कीं पुढें कोणती विद्याशाखा धरावी याची चर्चा घरोघरीं सुरू होते. यंत्रविद्या, वीजविद्या, संगणकविद्या यांपैकीं कशास मागणी अधिक, शुल्क किती, नोकरी कोठें लागेल व पगार काय मिळेल, हे प्रश्न आईबाप विचारतात आणि ते विचारणें योग्यच आहे. परंतु या सर्व प्रश्नांत एक प्रश्न सहसा ऐकूं येत नाहीं. आपलें मूल उद्यां जें यंत्र बनवील किंवा जो कारखाना चालवील, त्यापासून लाभ कोणास होईल आणि धोका कोणाच्या वांट्यास जाईल, हा तो प्रश्न होय. प्रस्तुत लेखांत त्याचाच थोडा विचार करावयाचा आहे.

कारखानदारी व नीति यांविषयीं आपल्या समाजांत एक समजूत दृढ आहे. धंदा तो धंदा. तेथें नफा पाहावा, आणि नफा झाल्यावर देवालय, धर्मशाळा, शाळा यांस देणगी द्यावी, म्हणजे नीतीचें देणें फिटलें, अशी ती समजूत. देणगी देणें चांगलेंच. पण ज्या कामगाराचा हात उघड्या पट्ट्यांत सांपडला, त्याचा हात देणगीनें परत येत नाहीं. आमच्या मतें कारखान्याची नीति देणगीच्या पावतीवर नसते. ती यंत्राच्या रचनेंत, कामाच्या जागेंत आणि विकलेल्या मालाच्या अंतरंगांत असते. याचें कारण उघड आहे. यंत्राविषयींचा निर्णय एक जण घेतो आणि त्याचा परिणाम दुसराच भोगतो. नांगर विकत घेणारा शेतकरी त्याचें लोखंड वितळवून पाहूं शकत नाहीं. आगगाडींत बसणारा उतारू रूळ तपासून बसत नाहीं. दोघेहि विश्वासावर चालतात. हा विश्वास ज्याच्या हातीं सोंपविला जातो, त्याच्या अंगीं नुसती कल्पकता असून भागत नाहीं.

या मताच्या पुष्टीसाठीं फार दूर जावयास नको. गोंदियाहून निघालेली आगगाडी जेथें थोड्याच तासांत पोहोंचते, त्या नागपुरांत जमशेटजी टाटा यांनीं काढलेल्या एम्प्रेस मिलची हकीकत प्रत्येक विद्यार्थ्यानें जाणून घेण्यासारखी आहे. कंपनीची स्थापना १८७४ सालीं झाली आणि १ जानेवारी १८७७ रोजीं गिरणी सुरू झाली. कापडगिरणी म्हणजे मुंबई, असें त्या वेळच्या भांडवलवाल्यांचें गणित होतें. जमशेटजींनीं तें गणित सोडून कापूस जेथें पिकतो, कोळसा जवळ आहे व आगगाडी जाते, असें नागपूर निवडलें. जागा दलदलीची होती. ती भरून काढण्यासाठीं खर्च पडला. हा मनुष्य सोनें मातींत पुरतो आहे, असें म्हणून एका सावकारानें भांडवल देण्याचें नाकारलें. पुढें त्यानेंच, यानें माती पुरली आणि सोनें वर काढलें, अशी कबुली दिली, असें सांगतात.

या गिरणींतील नवी कल्पना कोणती, तें पाहूं. त्या काळीं सूत कातण्यासाठीं 'म्यूल' नांवाचें यंत्र प्रचारांत होतें. त्याचा गाडा पुढें जाई तेव्हां धागा ओढला जाऊन त्यास पीळ बसे, आणि गाडा मागें येई तेव्हां तो गुंडाळला जाई; म्हणजे पीळ व गुंडाळणी हीं कामें आळीपाळीनें होत. 'रिंग' पद्धतींत चातीभोंवतालच्या कड्यावर एक बारीक आंकडी फिरत राहते, आणि पीळ देणें व गुंडाळणें हीं दोन्ही कामें एकाच वेळीं, न थांबतां होतात. ज्या लँकेशायरास आपण कापडधंद्याचें माहेर मानीत होतों, तेथील पुष्कळ जाणत्यांस या नव्या पद्धतीचा भरंवसा वाटत नव्हता. जमशेटजींनीं दुसऱ्याच्या मतावर न विसंबतां तीं यंत्रें आपल्या गिरणींत लावून पाहिलीं, प्रयोग अनुकूल दिसला, आणि मग त्यांचा स्वीकार केला. नवें म्हणून डोळे मिटून घेतलें नाहीं, व नवें म्हणून टाकूनहि दिलें नाहीं. संशोधकवृत्ति ती हीच.

पण जी चिकित्सक दृष्टि चातीकडे वळली, तीच माणसाकडेहि वळली, हा या हकीकतीचा खरा गाभा आहे. कामगार रोज हजर राहत नसत. पांचांतला एक गैरहजर असे म्हणतात. दंड करावा, काढून टाकावें, हा सोपा मार्ग होता. जमशेटजी व त्यांचे व्यवस्थापक बेझनजी दादाभाई मेहता यांनीं कारण शोधलें. बेझनजी रेल्वेच्या नोकरींतून आलेले. त्यांस कापडधंद्याची पूर्वमाहिती नव्हती, पण माणसें सांभाळण्याचें ज्ञान होतें. गिरणींत हवा खेळती ठेवण्याची सोय झाली. नागपुरच्या कोरड्या उन्हाळ्यांत धागा तुटूं नये म्हणून हवेंत ओलावा राखणारीं, आणि आग लागतांच पाणी शिंपडणारीं यंत्रें बसविण्यांत ही गिरणी देशांत अग्रेसर होती. १८८६ सालीं निवृत्तिवेतनाचा निधि सुरू झाला. १८९५ पासून अपघातांत सांपडलेल्यांस भरपाई मिळूं लागली. कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा आपल्या देशांत १९२३ सालीं झाला, म्हणजे गिरणी कायद्याच्या २८ वर्षें पुढें होती. कायदा सांगेल तेवढेंच करणारा मनुष्य आज्ञाधारक म्हणावा. कायदा सांगण्यापूर्वीं जो करतो तो पुढारी.

हें वर्णन ऐकून ती गिरणी म्हणजे स्वर्ग होता असें कोणी समजूं नये. त्या काळच्या गिरण्यांत कामाचे तास लांब होते, लहान मुलेंहि राबत असत. एम्प्रेस मिलमध्यें १८७७ सालींच मजुरीच्या दरावरून संप झाल्याची नोंद आहे. शिवाय नीतीनें वागणारा धंदा कधींच बुडत नाहीं, असेंहि आम्ही म्हणत नाहीं. ती गिरणी पुढें सरकारी महामंडळाकडे गेली आणि २००२ सालीं बंद पडली. धंद्याचें आयुष्य बाजार, काळ व व्यवस्था यांवर अवलंबून असतें. परंतु धंदा चालला तोंवर माणसास कसें वागविलें, याचा हिशेब वेगळा असतो, आणि गिरणी बंद पडली म्हणून तो हिशेब पुसला जात नाहीं.

जमशेटजी धनवान् होते, त्यांस हें परवडलें, असा आक्षेप येईल. म्हणून दुसरें उदाहरण घेऊं. लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजीं बेळगांव जिल्ह्यांतील गुर्लहोसूर येथें झाला. मुंबईस चित्रकला शिकावयास गेले, तों रंग ओळखण्यांत त्यांच्या दृष्टींत दोष आढळला. तेव्हां त्यांनीं यंत्ररेखनाची वाट धरली व व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षकी केली. पुढें बेळगांवांत सायकलींचें दुकान, मग कडबा कापण्याचें यंत्र, मग लोखंडी नांगर, असा त्यांचा धंदा वाढला. लोखंडानें जमिनीस विष चढतें, अशी शेतकऱ्यांची भीति असल्यामुळें नांगर विकला जाईना. नांगराचा फाळ मऊ असेल तर झिजतो, फार कडक असेल तर तुटतो. तो नेमका साधल्यावांचून ही भीति जाणार नव्हती. शब्दांनीं नव्हे, मालानें विश्वास मिळवावा लागला.

१९१० सालीं औंधच्या अधिपतींनीं दिलेल्या कुंडल रोड स्टेशनाजवळच्या ओसाड माळावर, निवडुंग तोडून आणि कर्जाऊ पैशांवर, किर्लोस्करवाडी वसली. तेथें लक्ष्मणरावांनीं अस्पृश्यता पाळण्यास बंदी केली, आणि शिक्षा भोगून आलेल्या माणसांस रात्रीच्या पहाऱ्यावर नेमलें. ज्याच्यावर कोणी विश्वास टाकीत नाहीं, त्याच्याच हातीं रखवालीचें काम देणें यास किती धैर्य लागतें, याचा विद्यार्थ्यांनीं विचार करावा. एवढ्यास खजिना लागत नाहीं, छाती लागते.

आतां उलट बाजूहि पाहूं. कल्पकता आहे पण नीति नाहीं, तर काय होतें? जर्मनींतील फोक्सवॅगन कंपनीच्या डिझेल मोटारींत एक चतुर आज्ञावली बसविलेली होती. आपली तपासणी चालू आहे हें ती ओळखी, आणि तेवढ्यापुरता धुरांतील विषारी वायु कमी करी. रस्त्यावर गाडी पुन्हां पहिल्यासारखीच. २०१५ सालीं हें उघडकीस आलें, तेव्हां जगांतील सुमारें १ कोटी १० लाख गाड्यांत ती आज्ञावली निघाली. बुद्धि थोडी नव्हती. तिचा धनी चुकला होता. याउलट स्वीडनच्या व्होल्वो कंपनींत नील्स बोलिन यांनीं १९५९ सालीं तीन टोकांचा सुरक्षापट्टा सिद्ध केला, आणि कंपनीनें तो इतर मोटारवाल्यांस मोकळेपणीं वापरूं दिला. आज आपण मोटारींत बसतांना ओढून घेतों तो पट्टा तोच.

आणि आपल्या शेजारच्या भोपाळाची गोष्ट कोण विसरेल? १९८४ सालच्या डिसेंबरांत २ व ३ तारखांच्या मधल्या रात्रीं कीटकनाशकाच्या कारखान्यांतून विषारी वायु सुटला व हजारों माणसें प्राणास मुकलीं. तें रसायन थंड ठेवणारें यंत्र बंद होतें. सुटलेला वायु जाळून टाकणारा मनोराहि त्या वेळीं निकामी होता. संरक्षणाचीं साधनें होतीं, पण चालू नव्हतीं. तीं बंद ठेवण्याचा निर्णय ज्यांचा, ते त्या रात्रीं कारखान्याभोंवतालच्या वस्तींत झोंपलेले नव्हते.

गोंदियासारख्या ठिकाणीं या गोष्टींचा संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध अगदीं जवळचा आहे. आपलें शहर राईस मिलांसाठीं प्रसिद्ध; तिरोड्यास ३,३०० मेगावॅट क्षमतेचें वीजकेंद्र उभें आहे. या धानाच्या व विजेच्या धंद्यावर आपल्या जिल्ह्यांतील पुष्कळ घरांच्या चुली पेटतात. राईस मिलच्या फिरत्या पट्ट्याभोंवतीं जाळी आहे काय? उसना तांदूळ करणारा बॉयलर वेळच्या वेळीं तपासला जातो काय? कोंड्याच्या धुळींत दिवसभर उभ्या राहणाऱ्या बाईच्या तोंडावर साधा फडका तरी आहे काय? धोक्याच्या यंत्रास कुंपण घालावें, धूळ बाहेर काढण्याची सोय करावी, हें १९४८ च्या कारखाना कायद्यानेंच बंधनकारक केलें. त्यास पाऊणशें वर्षें उलटलीं. जाळीची किंमत थोडी असते, आणि ती न लावल्याची किंमत मालकास द्यावी लागत नाहीं, म्हणूनच ती राहून जाते. लहान धंद्यास नीति परवडत नाहीं, हें म्हणणें आम्हांस मान्य नाहीं. लहान धंद्यांत मालक प्रत्येक कामगारास नांवानें ओळखतो. त्यानें तर अधिक जपावें.

पालकांस एवढीच विनंति कीं, मूल नोकरीस लागल्यावर पगार किती, हें विचारतांना, तुझ्या कारखान्यांत माणसें कशीं वागविलीं जातात, हेंहि एकदां विचारावें. घरीं जो प्रश्न विचारला जातो, त्याचेंच उत्तर मूल बाहेर शोधतें.

आणि विद्यार्थिमित्रहो, हा धडा गिरवावयास कारखाना काढण्याची वाट पाहावयास नको. प्रयोगशाळेंत लोलकाचा काल मोजतां, तेव्हां आलेलें माप एक असतें आणि पुस्तकांतील माप दुसरें. पुष्कळांचा हात अशा वेळीं पुस्तकांतील आंकडा वहींत उतरवितो. गुण मिळतात, कोणास कळत नाहीं. तपासणीच्या वेळेपुरता शुद्ध धूर सोडणाऱ्या मोटारीचा आणि या वहीचा वंश एकच आहे. आलेलें माप तसेंच लिहा, आणि तें कां चुकलें तें शोधा. जो हें पंधराव्या वर्षीं करूं लागला, त्याच्या हातीं पुढें बॉयलर, पूल किंवा वीजकेंद्र सोंपवून गांवानें निर्धास्त झोंपावें.