विश्लेषण : सरकारी काम मध्येच थांबवले, तर ठेकेदाराच्या पैशांचे काय?

पवना बंद जलवाहिनीचे काम २०११ मध्ये थांबले आणि त्यावरची स्थगिती उठायला १२ वर्षे लागली. काम थांबवण्याचा आदेश एका ओळीचा असतो. पण त्या दिवसापासून यंत्रांचे भाडे, मजुरांचा पगार आणि बँकेचे व्याज यांचा हिशेब सुरू होतो. हा भार कोणी उचलायचा आणि ठेकेदाराला करारात काय संरक्षण आहे, याविषयी...

पवना प्रकल्पात काय घडले?

मावळातील पवना धरणातून निगडीच्या जलशुद्धीकरण केंद्रापर्यंत सुमारे ३५ किलोमीटरची बंद जलवाहिनी टाकण्याची पिंपरी-चिंचवड महापालिकेची योजना होती. केंद्राच्या जेएनएनयूआरएम योजनेतून तिला निधी मंजूर झाला आणि २००८ मध्ये काम सुरू झाले. मावळातील शेतकऱ्यांचा विरोध होता. ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती महामार्गावर बऊर येथे आंदोलकांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात तीन शेतकऱ्यांचा मृत्यू झाला आणि सरकारने काम थांबवले. ही स्थगिती सप्टेंबर २०२३ मध्ये उठली, पण विरोध कायम राहिला. दरम्यान, आणलेले पाइप वर्षानुवर्षे पडून होते आणि शहर रावेत बंधाऱ्यातून पाणी उचलत राहिले.

भारतात ‘शटडाऊन’ नाही, मग काम कशाने थांबते?

अमेरिकेत संसदेने खर्चाला मंजुरी दिली नाही की सरकारी कार्यालयेच बंद पडतात. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिथे ४३ दिवस असे घडले. भारतात लेखानुदानाची सोय असल्याने ही वेळ येत नाही. आपल्याकडे काम थांबते ते भूसंपादन न झाल्याने, न्यायालयाच्या स्थगितीने, आंदोलनाने, सरकार बदलल्याने किंवा निधी न आल्याने.

निवडणूक आचारसंहितेबद्दल मात्र गैरसमज आहे. कार्यारंभ आदेश मिळाला पण जागेवर काम सुरू झाले नसेल, तर ते आचारसंहितेत सुरू करता येत नाही. जागेवर सुरू झालेले काम चालू ठेवता येते. झालेल्या कामाचे बिल देण्यासही आचारसंहितेची आडकाठी नाही.

करार काय सांगतो?

राज्याचा सार्वजनिक बांधकाम विभाग आणि अनेक स्थानिक संस्था ‘बी-१’ हा निविदा नमुना वापरतात. त्यातील कलम १५ महत्त्वाचे आहे. अभियंत्याला लेखी नोटीस देऊन काम थांबवण्याचा अधिकार आहे. मात्र सगळे काम सलग ९० दिवसांहून अधिक बंद राहिले, तर ठेकेदार ठरलेल्या मुदतीत नोटीस देऊन करारातून बाहेर पडू शकतो आणि झालेल्या कामाचे अंतिम मोजमाप मागू शकतो.

काम ३० दिवसांहून अधिक थांबले, तर रिकामी राहिलेली यंत्रे आणि बसून राहिलेले मजूर यांच्या नुकसानीचा दावा करता येतो. त्यासाठी काम पुन्हा सुरू झाल्यापासून ३० दिवसांत अर्ज करावा लागतो. पहिल्या ३० दिवसांची भरपाई मिळत नाही. मुदतवाढीचा अर्जही अडथळा आल्यापासून ३० दिवसांत करायचा असतो. निविदेगणिक या अटी बदलतात, त्यामुळे आपल्या करारातील मजकूर पाहणे आवश्यक ठरते.

पहिल्या आठवड्यात काय करावे?

बहुतेक दावे फसतात ते कागदाअभावी. ‘साहेबांनी फोन करून थांबायला सांगितले’ हा पुरावा होत नाही. तोंडी आदेश आला, तर त्याच दिवशी कार्यकारी अभियंत्याला पत्र द्यावे. कोणी, कधी आणि कोणत्या कारणाने काम थांबवले, हे त्यात लिहून पोच घ्यावी. जागेवरील यंत्रे, साहित्य आणि मजूर यांची यादी करून तारखेसह छायाचित्रे ठेवावीत. झालेल्या कामाची मोजमाप पुस्तकात संयुक्त नोंद करून घ्यावी. अडथळ्यांच्या नोंदवहीत पहिला दिवस नोंदवावा. यंत्रे दुसरीकडे हलवण्याची परवानगी लेखी मागावी, कारण नुकसान कमी करण्याचा प्रयत्न केला का, हेही पुढे पाहिले जाते. बँक गॅरंटी आणि कामाचा विमा या काळात संपणार नाही, याकडे लक्ष ठेवावे.

मुदतवाढ मिळाली की प्रश्न सुटतो?

नाही. मुदतवाढीने दंड टळतो, खर्च भरून निघत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ मधील कलम ५५ नुसार, समोरच्याने उशिरा केलेली पूर्तता स्वीकारताना भरपाई मागणार असल्याची सूचना दिली नाही, तर नंतर ती मागता येत नाही. म्हणून खात्याने जागा उशिरा दिली आणि ठेकेदाराने ती निमूटपणे घेतली, तर दावा कमकुवत होतो. ‘भरपाईचा हक्क राखून’ हे शब्द मुदतवाढीच्या अर्जात असणे म्हणूनच महत्त्वाचे. करोनाकाळात केंद्राने मे २०२० मध्ये सहा महिन्यांपर्यंत मुदतवाढ दिली, तीही दंड न लावण्यापुरतीच होती.

बिले थकली म्हणून काम थांबवता येते?

फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्यातील कंत्राटदार संघटनांनी काम बंद आंदोलन केले. सुमारे ८९ हजार कोटी रुपये थकल्याचा त्यांचा दावा होता. आंदोलन म्हणून त्याचे वजन असते, पण करारात ठेकेदाराने स्वतःहून काम सोडणे वेगळे मानले जाते. बी-१ च्या कलम ३ नुसार अनामत जप्त करून उरलेले काम त्याच्या खर्चाने दुसऱ्याला देता येते. त्यामुळे आधी थकबाकीची लेखी मागणी आणि कायदेशीर सल्ला, मगच काम थांबवण्याचा विचार, हा क्रम सुरक्षित.

पोटकंत्राटदाराचे काय?

सर्वांत मोठी जोखीम इथेच आहे. जुलै २०२५ मध्ये सांगली जिल्ह्यात जलजीवन योजनेचे काम केलेल्या एका तरुण कंत्राटदाराने आत्महत्या केली. बिले थकल्याचा आरोप झाला, तेव्हा सरकारकडून उत्तर आले, की त्याच्या नावावर कंत्राटच नव्हते. पोटकंत्राटदार खात्याच्या कागदावर नसतो, त्यामुळे खात्याकडे थेट मागणी करू शकत नाही.

भोसरी, तळवडे, चाकणमधील लहान कारखान्यांना मात्र एक आधार आहे. ‘उद्यम’ नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे एमएसएमईडी कायदा, २००६ नुसार कमाल ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते आणि सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. बांधकामाच्या कंत्राटांना हा कायदा लागू होतो का, यावर न्यायालयांत वाद झाले आहेत. मालाच्या पुरवठ्याचे बिल वेगळे काढणे म्हणून फायद्याचे ठरते.

पुढे काय?

नाशिक फाटा ते खेड या ३० किलोमीटरच्या उन्नत मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली. खर्च ७,८२७ कोटी रुपये. चाकणमधून जाणाऱ्या या कामात सळई, खडी, सेंट्रिंग आणि मजूर पुरवणाऱ्या स्थानिकांपैकी अनेक जण पोटकंत्राटदारच असतील. मुख्य ठेकेदाराला भरपाई मिळाली, तर तिचा वाटा आपल्याला किती दिवसांत मिळेल, हे कलम त्यांच्या करारात आहे का, ते सही करण्यापूर्वीच पाहावे लागेल. काम थांबल्यावर ते कलम कोणी घालून देत नाही.