थायलंडमध्ये ‘आपलं जेवण’ कुठे मिळेल? वसईकरांनी हॉटेलची पाटी सोडून ताट बघावं

नोव्हेंबर २०२३ मध्ये थायलंडने आणि १ डिसेंबर २०२३ पासून मलेशियाने भारतीय पर्यटकांना व्हिसाशिवाय प्रवेश देणं सुरू केलं. (नियम बदलत असतात, निघण्याआधी ताजी माहिती तपासा.) व्हिसाची कटकट कमी झाली, तरी सहल ठरवताना घरात पहिला प्रश्न अजून तोच येतो: तिकडे खायचं काय? उत्तरही ठरलेलं असतं. बॅगेत ठेपले, चिवडा, झटपट पोह्यांची पाकिटं आणि पॅकेजमध्ये ‘रोज इंडियन डिनर’.

या ‘इंडियन डिनर’मध्ये बहुतेक वेळा पनीर, काळी डाळ, नान आणि जिरा राइस असतो. आगाशी, नाळे किंवा अर्नाळ्याच्या घरात यातलं रोज काय शिजतं? तिथलं जेवण म्हणजे भात, नारळ, ओली-सुकी मासळी आणि केळी. थायलंड-मलेशियाच्या किनाऱ्यावरही लोक हेच जेवतात. म्हणजे ओळखीचं जेवण रस्त्यावरच्या गाडीवर असतं आणि आपण पैसे भरून पंजाबी बुफेच्या रांगेत उभे राहतो.

ओळखीच्या चवी कोणत्या?

सुकेळी: आगाशी परिसरात राजेळी केळी उन्हात वाळवून सुकेळी करतात. थायलंडमध्ये फित्सानुलोक प्रांतातलं बांग क्रथुम अशाच वाळवलेल्या केळ्यांसाठी प्रसिद्ध आहे. तिथे त्यांना ‘क्लुआय ताक’ म्हणतात. यातल्या ‘ताक’चा अर्थ उन्हात वाळवणं. केळ्याचा वाण वेगळा, पण चव ओळखू येते.

जवळा: मलेशियातलं ‘बलाचान’ ज्या बारीक कोळंबीपासून बनतं, ती आपल्या जवळ्याच्याच कुळातली. तिथे ती मीठ घालून आंबवतात, कुटतात आणि वड्या करतात. जवळ्याच्या चटणीवर वाढलेल्या माणसाला तो वास परका वाटू नये.

नारळ: मलेशियाचा ‘नासी लमाक’ म्हणजे नारळाच्या दुधात शिजवलेला भात. आपल्या नारळी भातातला गूळ काढा, बाजूला तळलेली सुकी मासळी, शेंगदाणे आणि तिखट चटणी ठेवा. ‘पिसांग गोरेंग’ म्हणजे तर सरळ केळ्याची भजी.

हे साम्य आलं कुठून?

पहिलं कारण हवामान. दोन्हीकडे मोसमी पाऊस, भातशेती, माड आणि समुद्र. पावसात होड्या बंद, म्हणून मासळी सुकवून ठेवायची गरजही सारखीच.

दुसरं कारण पोर्तुगीज. मलाक्का १५११ ते १६४१ आणि वसई १५३४ ते १७३९ त्यांच्या ताब्यात होती. दोन्ही ठाण्यांचा कारभार गोव्याशी जोडलेला होता. अमेरिका खंडातली मिरची आणि अननस आशियात पसरवण्यात पोर्तुगीज जहाजांचा मोठा वाटा होता. आपण ‘अननस’ म्हणतो, मलय माणूस ‘ननास’ म्हणतो. मलाक्कातला पोर्तुगीज वंशाचा क्रिस्तांग समाज नाताळात ‘करी देबल’ करतो, त्यात व्हिनेगर आणि मिरची लागते. आपल्याकडच्या ईस्ट इंडियन घरांतल्या इंद्यालमध्येही हीच जोडी असते.

शाकाहारी असाल तर?

इथे सावध राहायलाच हवं. थाई स्वयंपाकात माशाचा सॉस जवळपास मिठासारखा वापरतात. कच्च्या पपईच्या कोशिंबिरीतही तो असतो, वर बऱ्याचदा सुकी कोळंबी. ‘नो मीट’ म्हटलं तरी हा सॉस वगळला जाईलच, असं नाही.

त्यापेक्षा तिथले शब्द शिका. थायलंडमध्ये ‘जे’ विचारा. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत ते लिहिलेलं दिसतं. त्यात मांस, मासे, अंडी, दूध तर नसतंच, कांदा-लसूणही नसतो. दुसरा थाई शब्द ‘मंगसविरत’. हा चक्क आपला मांस-विरति आहे, मात्र त्यात अंडं चालू शकतं. व्हिएतनाममध्ये शाकाहाराला ‘चाय’ म्हणतात, त्यामुळे पाटी वाचून चहा मागू नका. ‘जे’ आणि ‘चाय’ हे दोन्ही शब्द उपवासाच्या एकाच चिनी शब्दावरून आले आहेत. शेंगदाण्याची ॲलर्जी असेल, तर ते वाक्य स्थानिक भाषेत फोनवर लिहून ठेवा.

मग ठेपले नेऊच नयेत का?

जरूर न्या. घरातल्या ज्येष्ठांना वेळेवर गोळ्या घ्यायच्या असतात, कुणाला मधुमेह असतो, कुणाचा उपवास असतो. त्यांच्यासाठी ओळखीचा घास ही चैन नाही, गरज आहे. पण सगळ्या कुटुंबाने सगळ्या जेवणांचे पैसे आगाऊ का भरावेत? बुकिंग करताना दिवसातलं एक जेवण मोकळं ठेवता येईल का, तेवढे पैसे कमी होतील का, हे सहल कंपनीला विचारायला हवं.

खरी अडचण वेगळीच आहे. वसई-विरारमध्ये केळीच्या वाड्या जाऊन इमारती आल्या. स्टेशनबाहेर मोमोज सहज मिळतात, सुकेळी शोधावी लागतात. थायलंडमध्ये मात्र वाळवलेली केळी सौर ड्रायरमध्ये तयार होऊन पाकिटबंद विकली जातात आणि आपणच ती भेट म्हणून घेऊन येतो. सुकेळी कधी चाखलीच नाहीत, त्या मुलांना क्लुआय ताक ओळखीचं कसं वाटणार? त्यामुळे पुढच्या सहलीची तयारी आगाशीच्या बाजारातून सुरू करायला हरकत नाही. मुलांना आधी तिथली सुकेळी खाऊ घाला.